आपल्याच गावातील सेवा : इलाबेन भट्ट यांच्या कार्याच्या निमित्ताने



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेची ऋणी आहे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी आपले सारे आयुष्य या एका शाळेत आणि या एका शहरात घालविले. बडोद्याबाहेर जाण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती असे नव्हे. त्यांनी ती घेतली नाही. तेव्हा आपल्याच गावात राहून केलेल्या कामाविषयी आज बोलावे, असे माझ्या मनाने घेतले. उदाहरण मात्र मी आपल्या शेजारच्या शहरातले घेणार आहे. ते अहमदाबादच्या इलाबेन भट्ट यांचे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एका प्रश्नाचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. या शाळेच्या काही माजी विद्यार्थिनी आज सामाजिक संस्थांमधून नोकरी करीत आहेत. आपल्याच विद्यापीठाच्या समाजकार्य विद्याशाखेतून रीतसर पदवी घेऊन त्या या कामात शिरल्या. त्यांच्याविषयी आपल्या घरांतून, मंडळांतून बोलणे निघाले की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘पगार घेते ना, मग सेवा कसली?’ हे वाक्य तिरस्काराने उच्चारले जाते असे मी म्हणणार नाही. त्यामागे एक जुनी श्रद्धा आहे. सेवा या शब्दाला आपण देवघरात नेऊन बसविले आहे, आणि देवघरात पैशाची गोष्ट काढणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही.

परंतु आपल्याच परंपरेकडे थोडे निरखून पाहिले तर काय दिसते? १९०५ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली, तेव्हा त्यांना फावल्या वेळचे उपकारकर्ते नको होते. देशकार्य हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशी माणसे हवी होती. समाजाच्या सभासदाने संस्था देईल तेवढ्या निर्वाहवेतनावर समाधान मानावे, स्वतःसाठी द्रव्यार्जन करू नये, अशी शपथ होती. म्हणजे वेतन होतेच. ते थोडे होते, पण त्या वेतनावर पूर्ण वेळ काम करणारी माणसे उभी राहिली. मुंबईत १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढणारे आणि पुढे कामगार चळवळीचा पाया घालणारे ना. म. जोशी याच समाजाचे सभासद. त्यांच्या कामाला सेवा म्हणू नये, असे कोणी म्हणेल काय?

तेव्हा पगार घेतला की नाही ही कसोटी मला अपुरी वाटते. इलाबेनांच्या चरित्राकडे मी गेले ती दुसरी एखादी कसोटी सापडते का, हे पाहण्यासाठी.

इलाबेनांचा जन्म ७ सप्टेंबर १९३३ चा, अहमदाबादचा. बालपण सुरतेत गेले. वडील वकील, आई स्त्रियांच्या चळवळीत भाग घेणाऱ्या, आईचे वडील मिठाच्या सत्याग्रहात उतरलेले. सुरतेतच १९५२ मध्ये त्या पदवीधर झाल्या, आणि १९५४ साली अहमदाबादेत कायद्याची परीक्षा सुवर्णपदकासह उत्तीर्ण झाल्या. पुढच्याच वर्षी त्या मजूर महाजनाच्या कायदा विभागात रुजू झाल्या. अशी ही सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरची, कायदा जाणणारी पगारी नोकरदार स्त्री.

मजूर महाजन म्हणजे काय, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगितले पाहिजे. अहमदाबादच्या गिरणी कामगारांची ही संघटना १९२० साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत गांधीजींइतकाच अनसूयाबेन साराभाईंचा वाटा होता. अनसूयाबेन स्वतः गिरणीमालकांच्या घराण्यातल्या. इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी गिरणी कामगारांच्या मुलांसाठी शिकवणीचे वर्ग काढले, आणि कामगार त्यांना ‘मोटाबेन’ म्हणू लागले. १९१८ च्या प्रसिद्ध संपात एका बाजूला पस्तीस टक्के वाढ मागणारे कामगार आणि त्यांच्याबरोबर अनसूयाबेन. दुसऱ्या बाजूला गिरणीमालक, आणि त्यांचे पुढारीपण करणारे अंबालाल साराभाई, म्हणजे अनसूयाबेनांचे सख्खे बंधू. आपल्या गावात काम करावयाचे म्हणजे काय, ते या एका प्रसंगातून कळते. दूरच्या प्रांतात जाऊन अन्यायाविरुद्ध उभे राहणे एक वेळ सोपे. तिथला अन्याय करणारा आपल्या घरच्या पंगतीला बसत नाही. आपल्या गावात तो आपला भाऊ असतो, व्याही असतो, मंडळाचा देणगीदार असतो.

१९६८ साली इलाबेनांकडे मजूर महाजनाच्या महिला विभागाची सूत्रे आली. हा विभाग मुख्यतः गिरणी कामगारांच्या बायकांसाठी होता. शिवण, भरतकाम असे वर्ग चालत. गिरण्या बंद पडू लागल्या तेव्हा इलाबेनांना दिसले की बेकार झालेल्या पुरुषांची घरे त्यांच्या बायका चालवीत आहेत. कोणी भाजी विकते, कोणी गोधड्यांचे अभ्रे शिवते, कोणी विड्या वळते, कोणी भांडी देऊन जुने कपडे घेते. या शेवटच्या बायकांना आपण बोहारणी म्हणतो. बडोद्यातल्या मराठी घरांच्या ओट्यावर त्यांच्याशी घासाघीस झाली नाही असा आठवडा पूर्वी जात नसे. या साऱ्या स्त्रिया दिवसभर राबत. परंतु कायद्याच्या पुस्तकात त्या कामगार नव्हत्या. खानेसुमारीतही नव्हत्या. मालक नाही, हजेरीपट नाही, म्हणून कामगार नाही, असा सरळ हिशेब होता.

१९७१ सालची हकीकत मला विशेष महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. अहमदाबादच्या कापडबाजारात डोक्यावर गठ्ठे वाहणाऱ्या आणि हातगाड्या ओढणाऱ्या स्त्रिया होत्या. बहुतेक खेड्यांतून आलेल्या, रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या. राहण्याच्या जागेसाठी काही मदत होईल का, हे विचारायला त्या मजूर महाजनाकडे आल्या. इलाबेनांशी बोलताना जागेवरून गोष्ट मजुरीवर गेली. मजुरी खेपेवर मिळे. पण खेपा किती झाल्या याची नोंद कोणी ठेवीत नसे, आणि संध्याकाळी व्यापारी म्हणेल तो आकडा खरा. इलाबेनांनी हे सारे एका स्थानिक वृत्तपत्रात लिहिले. व्यापाऱ्यांना ते झोंबले. त्यांनीही वृत्तपत्रातून उत्तर दिले : आरोप खोटे आहेत, आम्ही या बायकांना रास्त दर देतो.

आता येथे सर्वसाधारण कार्यकर्ता काय करील? प्रत्युत्तर लिहील, सभा घेईल, निषेधाचा ठराव करील. इलाबेनांनी व्यापाऱ्यांचा तो दावा जसाच्या तसा छोट्या कार्डांवर छापून घेतला आणि ती कार्डे त्या बायकांच्या हातात दिली. व्यापाऱ्याने कमी पैसे पुढे केले की बाईने कार्ड दाखवायचे : शेठ, आपणच तर छापले आहे. व्यापाऱ्यांना आपल्या शब्दांत अडकल्याशिवाय गत्यंतर उरले नाही.

ही युक्ती परक्या माणसाला सुचली नसती, असे मला वाटते. कापडबाजारातला माणूस आपल्या ‘आबरू’ला किती जपतो, बाजारात दिलेला शब्द छापून आल्यावर मागे घेणे त्याला किती जड जाते, हे त्याच गावात वाढलेल्या, त्याच समाजात वावरलेल्या व्यक्तीलाच ठाऊक असते. आपल्या गावातल्या कामात नात्यागोत्याची अडचण असते हे खरे. पण गाव आतून ठाऊक असण्याचा हा लाभही आहे. आणि कायद्याचे शिक्षण नसते तर, प्रतिपक्षाचे विधान हाच आपला पुरावा, ही दृष्टीही आली नसती. व्यवसायाचे शिक्षण आणि गावाची माहिती या दोन गोष्टी एकाच व्यक्तीत क्वचित एकत्र येतात.

त्या कार्डांची बातमी पसरली. बोहारणी आल्या, इतर आल्या. डिसेंबर १९७१ मध्ये एका सभेत या बायकांनीच मागणी केली की आमची स्वतःची संघटना असावी. तीच ‘सेल्फ एम्प्लॉइड विमेन्स असोसिएशन’, म्हणजे ‘सेवा’. इंग्रजी आद्याक्षरांतून आपला जुना शब्द उमटला, हा योग मोठा गमतीचा. मात्र या ‘सेवे’त कोणी कोणाची सेवा करावयाची नव्हती. गुजरातीत संस्थेच्या नावात ‘स्वाश्रयी’ हा शब्द आहे, तो अधिक नेमका आहे.

नोंदणीच्या वेळी कामगार खात्याने आडकाठी केली. तुम्हाला मालकच नाही, तर लढणार कोणाविरुद्ध? इलाबेनांचे म्हणणे असे होते की संघटना कोणाविरुद्ध असलीच पाहिजे असे नाही. ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. बरीच हुज्जत झाल्यावर एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मोटाबेन निवर्तल्या.

बँकेची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. या बायकांना रोजच्या भांडवलासाठी सावकार लागे. सकाळी पन्नास घ्यावेत आणि संध्याकाळी पंचावन्न परत करावेत, असा व्यवहार. राष्ट्रीयीकृत बँकांच्या पायऱ्या चढल्यावर कारकून नाके मुरडीत. तेव्हा आपलीच बँक का काढू नये, असा प्रश्न सभेत एका बोहारणीने विचारला. १९७४ साली चार हजार स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून सहकारी बँक उभी केली. सहकार निबंधकांचा आक्षेप असा की निरक्षर बायकांची बँक चालणार कशी? त्यांना सही तरी येते काय? नियमाप्रमाणे अर्जावर प्रवर्तकांच्या सह्या हव्यात. इलाबेन त्या पंधरा जणींना घेऊन रात्रभर बसल्या आणि त्यांना आपापले नाव लिहावयास शिकविले. दुसऱ्या दिवशी निबंधकांच्या कचेरीत पंधराही जणींनी सह्या केल्या. पुढे खातेदारांची ओळख पटविण्यासाठी पासबुकावर फोटो लावण्याची सोय करण्यात आली.

या रात्रीविषयी मी पुष्कळदा विचार केला आहे. निबंधकांच्या विरोधात मोर्चा काढता आला असता. वकील या नात्याने इलाबेनांना स्वतःच सही करून बँकेच्या अध्यक्षा होता आले असते, आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नसते. आपल्याकडे कित्येक संस्था अशाच चालतात. आम्ही चार शिकलेली माणसे सह्या करतो, तुम्ही लाभ घ्या! या रीतीत दुष्टावा नसतो, उलट माया असते. परंतु ज्याच्या नावाने संस्था चालते त्याची सही तिच्या कागदावर कधीच उमटत नाही. पगारी माणसाइतकाच हा दोष बिनपगारी माणसातही असतो; किंबहुना बिनपगारी माणसाला तो अधिक सहजपणे जडतो, कारण त्याला जाब कोण विचारणार? फुकट काम करणाऱ्याला जाब विचारणे आपल्याला कृतघ्नपणा वाटतो.

‘सेवे’ची रचना या बाबतीत पाहण्यासारखी आहे. सभासद वर्गणी भरतात, आपापल्या धंद्यातून प्रतिनिधी निवडतात, आणि कार्यकारी मंडळात बहुमत विडी वळणाऱ्या, भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या स्त्रियांचे असते. पगारी संघटिका त्यांना बांधील असतात. इलाबेन स्वतः १९७२ पासून १९९६ पर्यंत सरचिटणीस होत्या. पंचवीस वर्षांच्या जवळपास एकच व्यक्ती त्या जागी राहिली, यावर टीका करणारे आहेत, आणि ती टीका मला सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. पण त्यांनी जागा सोडली आणि त्यानंतरही संघटना वाढत राहिली, हेही नोंदले पाहिजे. आज तिचे सभासद वीस लाखांहून अधिक आहेत.

आता १९८१ कडे येते. त्या वर्षाच्या आरंभी अहमदाबादच्या वैद्यकीय महाविद्यालयातून राखीव जागांविरुद्ध आंदोलन उसळले. पदव्युत्तर अभ्यासक्रमातील दलितांच्या काही जागा, एवढाच मूळ मुद्दा. पण शहर पेटले, दलित वस्त्यांवर हल्ले झाले. मजूर महाजनाने मौन पाळले. इलाबेनांनी उघडपणे दलितांची बाजू घेतली. त्या स्वतः ब्राह्मण. त्यांचे शेजारीपाजारी, ओळखीची कुटुंबे, मुलांचे मित्र यांतले बहुतेक दुसऱ्या बाजूला. मे महिन्यात मजूर महाजनाने इलाबेनांना आणि ‘सेवे’ला बाहेर काढले. बँकेतल्या ठेवीही काढून घेतल्या. सव्वीस वर्षांपूर्वी ज्या संस्थेने त्यांना काम दिले, घडविले, ती संस्था एका दिवसात परकी झाली. ‘सेवा’ बुडेल, बँक बुडेल, असे अनेकांनी मानले. बँक बुडाली नाही, कारण दहा-दहा रुपये घालणाऱ्या बायकांनी आपले पैसे काढले नाहीत.

आपल्या गावातली सेवा किती महाग पडते, त्याचे हे उदाहरण. मॅगसेसे पुरस्कार १९७७ सालीच मिळून गेला होता. पुढे पद्मश्री, पद्मभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व, परदेशी विद्यापीठांच्या सन्माननीय पदव्या, सारे आले. ती यादी मी वाचून दाखवीत नाही. गावातल्या आपल्या माणसांनी पाठ फिरविली असताना दिल्लीचा सन्मान किती उपयोगी पडतो, हे ज्याचे त्याला माहीत.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनुबंध’ या पुस्तकात इलाबेनांनी शंभर मैलांचा विचार मांडला. अन्न, वस्त्र, निवारा, प्राथमिक शिक्षण, प्राथमिक आरोग्य आणि प्राथमिक बँकसेवा या सहा गरजा शंभर मैलांच्या परिघात भागल्या पाहिजेत, असा त्याचा गाभा. अर्थशास्त्रज्ञांना यात भाबडेपणा दिसतो; कापूस आणि लोखंड शंभर मैलांत सर्वत्र मिळत नाही, हे खरेच आहे. मला मात्र त्यातला दुसरा अर्थ अधिक मोलाचा वाटतो. माझ्या ताटातली भाजी कोणी पिकविली आणि कोणी विकली, ते मला ठाऊक असावे, इतके आपले जग जवळ असावे. अहमदाबाद ते बडोदे हे अंतर सुमारे सत्तर मैलांचे. म्हणजे इलाबेनांच्या परिघात आपण आहोत.

आणि येथेच मला आपल्यापुढे, म्हणजे बडोद्याच्या मराठी समाजापुढे, थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. आपण येथे सात-आठ पिढ्या आहोत. शाळा काढल्या, वाचनालये चालविली, नाटके केली, गणेशोत्सव केले, गरजू मराठी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. महाराणी चिमणाबाईंनी स्त्रियांसाठी उद्योगालय काढले, त्याचा अभिमान आपण आजही बाळगतो. हे सारे चांगलेच आहे. पण ‘आपला समाज’ असे आपण म्हणतो तेव्हा खंडेराव मार्केटात पहाटे टोपल्या उतरविणारी बाई त्यात येते काय? ती गुजराती बोलत असेल, मारवाडी बोलत असेल, कदाचित खानदेशातून आलेली मराठीही असेल. आपण तिच्याकडून तीस वर्षे कोथिंबीर घेतो. तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे? मराठीपण जपण्याच्या नादात आपले गाव आपण मराठी घरांपुरते आखून घेतले, असे मला अलीकडे फार वाटते. उद्योगालय काढताना महाराणींनी मात्र त्या स्त्रिया आपल्या गावच्या आहेत एवढेच पाहिले असावे.

भाजीवालीचा विषय काढलाच आहे, तर त्याची हकीकत पुरी करते. अहमदाबादच्या माणेकचौकातून फेरीवाल्या स्त्रियांना हटविण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा ‘सेवे’ने १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. त्या बायकांची मागणी होती दोन टोपल्यांएवढ्या जागेची. पुढे देशभरातल्या फेरीवाल्यांच्या संघटना एकत्र आल्या, आणि २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांसाठी कायदा केला. त्या कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती असावयाची. तिच्यात निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले, आणि त्यांतील एकतृतीयांश स्त्रिया. पाहणी व्हावी, विक्री-प्रमाणपत्र मिळावे, ते मिळेपर्यंत कोणाला उठवू नये, अशा तरतुदी आहेत. कायदा उत्तम, अंमल बहुतेक शहरांत रेंगाळलेला. अर्ज गुजरातीत आणि इंग्रजीत भरावा लागतो, ओळखीचे पुरावे जोडावे लागतात, आणि टोपलीवरून उठून कचेरीत जाणे म्हणजे त्या दिवसाची कमाई बुडविणे.

आपल्या माजी विद्यार्थी संघात निवृत्त बँक कर्मचारी आहेत, महापालिकेतून निवृत्त झालेले आहेत, वकील आहेत, दोन्ही भाषांत सफाईने लिहिणारे शिक्षक तर कितीतरी. आणि मघाशी जिच्या पगाराचा मी उल्लेख केला, ती समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगीही आहे. अर्ज कसा भरावा एवढेच सांगून ती थांबत नाही. विक्रेत्या बायकांना समितीच्या निवडणुकीला उभे कसे राहावे, हेही तिला शिकविता येते, कारण ते तिचे शास्त्र आहे. या दोघांनी शनिवारी दुपारी दोन तास मार्केटाच्या दाराशी एक टेबल मांडून बसावे, अशी सूचना मी व्यवस्थापक मंडळाकडे लेखी दिली आहे. टेबल आणि चार खुर्च्या शाळेने द्याव्यात, अशी विनंतीही तिच्यात आहे. अध्यक्षमहोदय ती वाचतील, अशी आशा आहे.

इलाबेन २ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादेतच निवर्तल्या. शेवटची सात वर्षे त्या गुजरात विद्यापीठाच्या, म्हणजे गांधीजींनी १९२० साली स्थापिलेल्या त्या संस्थेच्या, कुलपती होत्या.